थेरपीचे तास आणि संत्र्याची फोड

एका ताईंनी विचारलंय की सेंटरवाले ऑटिझम असलेल्या भाच्याला आठवड्याला ४० तास एबीए थेरपी (वागणं-बोलणं टप्प्याटप्प्यानं शिकवायची पद्धत) सांगतात, एवढी खरंच लागते का. हा आकडा मुळात मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७च्या अमेरिकेतल्या अभ्यासातला. प्रत्येक मुलाला तेच माप लावायचं कारण नाही.

आमचा मुलगा आठवड्याला सहाच तास जायचा, नागपुरात मानेवाड्याहून धरमपेठेत, गाडीवर, डोक्याला दुपट्टा बांधून. पण खरा फरक घरी पडला. थेरपिस्ट म्हणाली, संत्रं सोलून अख्खं हातात देऊ नका. एक फोड द्या अन् पुढची तो स्वतः मागेपर्यंत थांबा. तो हात ओढायचा, रडायचा, आजीचा जीव वरखाली! अकराव्या दिवशी त्यानं संत्र्याच्या चित्राचं कार्ड उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. शब्द नाही, पण मागितलं ना बाप्पा!

म्हणून सेंटर बघताना एवढंच विचारा: आम्हाला आत बसू देता का, घरी काय करायचं ते शिकवता का? एके ठिकाणी आम्हाला दाराबाहेरच बसवायचे, चार महिने फुकट गेले.

आणि यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढून निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज टाकाच. १ लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीही धरतात. बिलं मात्र जपून ठेवा.