मदत हवी आहे : पाण्याचे बंधन असलेल्या वडिलांचा अकोल्यातील उन्हाळा

नमस्कार. माझे आईवडील अकोल्यात दोघेच राहतात. बाबांचे वय 78 आहे, आईचे 74. बाबांचे हृदय अशक्त झाल्यामुळे त्यांना लघवीची गोळी सुरू आहे आणि डॉक्टरांनी दिवसभरात चहा, ताक, वरण असे सगळे धरून दीड लिटरच्या वर द्रवपदार्थ घेऊ नयेत, मीठही कमी ठेवावे, असे सांगितले आहे. आईला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते.

अडचण अशी की, उन्हाळ्यासाठी जो तो जे उपाय सांगतो त्यांतील बहुतेक बाबांना चालत नाहीत. भरपूर पाणी, मीठ घातलेले पन्हे, ताक, मीठ-साखरेचे पाणी हे इतरांसाठी योग्यच आहे. परंतु बाबांना त्याने पायांवर सूज आणि धाप लागण्याचा धोका आहे. उलट बाजूने पाहिले तर हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान 45 अंशांवर गेले की ती उष्णतेची लाट ठरते, आणि अकोल्यात मे महिन्यात हा आकडा नवा नाही. त्यातच वयोमानाने तहान कमी लागते व घामही कमी येतो. अशा वेळी लघवीच्या गोळीने शरीरातील पाणी आणखी घटले, तर उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. या दोन्ही टोकांच्या मध्ये कसे चालावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांच्या डॉक्टरांनी नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गोळीची मात्रा किंवा पाण्याची मर्यादा बदलून दिली होती का? रोज सकाळी वजन करून नोंद ठेवण्याचा उपयोग झाला का? बदल अर्थातच आमच्या डॉक्टरांना विचारूनच करणार आहोत. त्यांच्यासमोर नेमके काय मांडावे, एवढे मला समजून घ्यायचे आहे.

शरीर बाहेरून थंड ठेवण्यावर आमचा भर आहे, कारण त्याला पाण्याचे बंधन आड येत नाही. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेला कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की तो नुसता घामट वारा देतो. त्या काळासाठी एका खोलीत एसी बसवून तो 26-27 अंशांवर ठेवावा आणि सोबत पंखा लावावा, असा विचार आहे. आईचे गुडघे गार हवेने आखडतात. याचा कोणाला अनुभव असल्यास जरूर लिहावे. वीज गेल्यावर इन्सुलिन मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवण्याची पद्धत कितपत भरवशाची वाटली, हेही सांगावे.

या सगळ्यात त्यांचा उन्हाळा केवळ बंद खोलीत जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आईला कुरडया घालायच्या असतात, आणि घरच्या वाळवणाशिवाय तिला वर्ष सुरू झाल्यासारखे वाटत नाही. उन्हे चढण्यापूर्वी सकाळी आठच्या आत ते काम उरकावे, चीक शिजवायला मदतनीस बाई घ्यावी, असे ठरवले आहे. बाबांना संध्याकाळी पाणी मारलेल्या गच्चीवर झोपायला आवडते. पण रात्री लघवीला उठावे लागते आणि जिना अरुंद आहे. गच्चीवरच तात्पुरती सोय करावी की अंगणात बाज टाकावी? अंगणात रात्री भिंतींची धग किती वेळ टिकते, याचा अंदाज विदर्भातील मंडळींनी द्यावा.

चिखलदऱ्याला आठवडाभर नेण्याचाही विचार मनात आहे. तेथे हवा थंड असते, परंतु घाटाचा प्रवास आणि हृदयाच्या तज्ज्ञांपासूनचे अंतर यांची काळजी वाटते. अशा वयाच्या माणसांना कोणी तेथे नेले असल्यास, प्रवास कोणत्या वेळी केला आणि रात्री-अपरात्री गरज पडल्यास उपचारांची कोणती सोय आधी पाहून ठेवली होती?