बोअरचं पाणी हिशेबात फुकट धरायचं का?

खजिनदार_बाणेर
आमची 60 फ्लॅटची सोसायटी आहे. महापालिकेचं पाणी पुरत नाही, वरचं 20,000 लिटर रोज बोअरचं. पूर्वी 10,000 लिटरचा टँकर 1,000 रुपयांना घ्यायचो. कमिटीत आता सूर असा, की बोअर फुकट आहे तर मेंटेनन्स कमी करा. पंप 5 एचपी सबमर्सिबल, पाण्याचा हार्डनेस (जडपणा, म्हणजे विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला 500 मिलिग्रॅम. खरा खर्च कसा काढू?

पंप_पॅनेल
आधी पंपाला सबमीटर लावा. 5 एचपी म्हणजे 3.73 किलोवॅट, पण ती मोटरच्या शाफ्टवरची ताकद. मोटरमधला तोटा धरला की मीटरवर तासाला पावणेपाच युनिटच्या आसपास पडतात. तासाला 5,000 लिटर पाणी येत असेल तर रोज 4 तास, 19 युनिट. युनिट 12 रुपये धरलं तर 228 रुपये रोज. दर मात्र स्वतःच्या बिलातला घ्या. हे कुणाला दिसत नाही, कारण ते लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांसोबत कॉमन मीटरवर पडतं. गच्चीवर पाणी चढवायचा खर्च धरू नका, तो टँकरलाही होताच.

मोठा फटका उन्हाळ्यात. आपल्याकडे काळा पाषाण, पाणी फक्त भेगांमधून येतं. एप्रिलपर्यंत आवक घटते, पंप तेवढाच चालतो आणि पाणी निम्मं येतं. बोअर उपसून कोरडी पडली की मोटर थंड राहत नाही, वाइंडिंग जळतं. मग मोटर वर काढायची मजुरी, वाइंडिंग, केबलचा नवा जॉइंट, आणि तोवर टँकर. ड्राय रन रिले, म्हणजे पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं उपकरण, बसवा. चालू करंट 8 अँपिअर असेल तर तो 6 च्या खाली गेला की पंप बंद होईल असं ठेवा. हा आकडा फार खाली ठेवलात तर रिले पंप वेळेवर बंद करणारच नाही.

मीठ_आणि_रेझिन
सॉफ्टनरचं, म्हणजे पाण्यातला हार्डनेस काढणाऱ्या यंत्राचं, मीठ राहिलं. सगळं पाणी शून्यावर आणू नका, उगाच पैसे जातात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मध्ये हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे. 12,000 लिटर सॉफ्ट करा, 8,000 बायपासने मिसळा, बरोबर 200 येतं. त्यात 6 किलो हार्डनेस निघतो. किलोमागे साधारण 3 किलो मीठ, म्हणजे रोज 18 किलो. दहा रुपये किलोने 180. रिजनरेशनला, म्हणजे सॉफ्टनरमधलं रेझिन मिठाच्या पाण्याने धुवायला, हजार-बाराशे लिटर पाणी वेगळं जातं. ते खारट पाणी बागेत, एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) किंवा रिचार्ज खड्ड्यात अजिबात सोडू नका. झाडं जळतात, एसटीपीतले जिवाणू मरतात, आणि खड्ड्यातून ते फिरून तुमच्याच बोअरमध्ये.

खजिनदार_बाणेर
म्हणजे 408 रुपये रोज, टँकरचे 2,000 होते. तरी स्वस्तच की! पण सॉफ्टनर लावूनही टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तेवढाच येतो. मशीन बिघडलंय का?

मीठ_आणि_रेझिन
नाही. कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, टीडीएस मीटरला फरक कळत नाही. थेंब मोजायचा हार्डनेस किट घ्या आणि सॉफ्टनरमधून बाहेर येणारं पाणी आठवड्यातून एकदा तपासा.

पंप_पॅनेल
स्वस्त आहेच, पण वाचलेले सगळे पैसे मेंटेनन्समधून कमी करू नका. मोटर-दुरुस्तीचा वेगळा फंड काढा, नाहीतर मे महिन्यात तातडीची वर्गणी मागावी लागेल. आणि फ्लॅटधारकांना सांगा, गिझर 50 अंशांवर ठेवा. 60 च्या वर क्षार झपाट्याने बसतात, आणि गिझरचं ते बिल फ्लॅटधारकांना पडतं, तुमच्या ताळेबंदात कधीच येत नाही.