बॉलला ३२० नंबरचा वॉटर पेपर मारला, आता दहा नंबरची पिन पडतच नाही

रामबागचा_पेंटर
नमस्कार मंडळी. इंदूरला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. अठ्ठावीस वर्षं गाड्या घासतोय, त्यामुळे हे विचारायला जरा लाजच वाटते.

पुण्याच्या भाच्यानं दिवाळीत त्याचा जुना बोलिंगचा बॉल मला दिला. १४ पौंडी, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा (लेनवर पकड घेणाऱ्या खास प्लास्टिकचा), काळा-निळा, आत मोत्यासारखी झाक. भोकं बुजवून माझ्या बोटांच्या मापाची नवीन पाडून आणली. दर मंगळवारी सकाळी पोहे-जिलेबी आटोपून आम्ही तिघं मॉलमधल्या लेनवर जातो. बॉल बिचारा सरळच जायचा, अगदी शेवटी वळलं तर वळलं. मला वाटलं, चकाकी जास्त आहे, पकड मिळत नाहीये. सियागंजातून ३२० चा वॉटर पेपर (ओला करून घासायचा खरखरीत पॉलिशपेपर) आणला आणि टबात बॉल धरून तासभर घासला. प्रायमरच्या आधीचं बोनेट दिसतं ना, तसा मस्त मॅट झाला.

मंगळवारी टाकला तर अर्ध्या लेनमध्येच वळायला लागला आणि पिनांपाशी पोचेपर्यंत दम संपलेला. बसतो बरोबर जागेवर, पण उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन हलत नाही. एका गेममध्ये चारदा! गेमला १४० गुणांच्या आसपास खेळणारा माणूस मी, ११२ वर आलो. गाडी जास्त घासली गेली तर पुटी भरता येते. इथे काय भरू?

कोपऱ्यातली_पिन
काका, कार पॉलिश मारा, विषय संपला.

रामबागचा_पेंटर
डबी हातात घेऊन बसलो होतो, पण त्यात सिलिकॉन असतं. आमच्या धंद्यात सिलिकॉनचा थेंब उडाला तरी पेंटला डोळे, म्हणजे गोल खड्डे पडतात. धीर होईना.

लीगवाला_पुणे
धीर झाला नाही तेच बरं झालं. काका, आधी बॉलला काय झालंय ते सांगतो.

फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्यामागून बॉल टाकायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. साध्या सेंटरवर लेनला मुद्दाम लावलेलं तेल साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत असतं, तेही मध्ये जास्त आणि कडांना कमी. बॉलनं तेलावरून घसरत जायचं, कोरड्यात पोचल्यावर वळायचं आणि पिनांआधी नीट लोळायला लागायचं. तुमचा ३२० चा बॉल तेलातही लाकडाला धरल्यासारखा पकडतो, म्हणजे जी ताकद शेवटच्या २० फुटांत हवी ती आधीच खर्च. दमलेला बॉल पिनांवर आदळून बाजूला सरकतो आणि दहा नंबरची उभी राहते. चकाकी वाढवली की बॉल उशिरा जागा होतो, खरखरीत केला की लवकर. मुद्दा एवढाच, की त्याला कुठे जागं करायचंय.

आता माझा प्रश्न. घासण्याआधी बॉल साफ केला होता का? भाच्यानं तो किती वर्षं वापरला? रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन तेल पितं. मला दाट शंका आहे की तो सरळ जात होता ते चकाकीमुळे नाही, तेल पिऊन सुस्त झाला होता म्हणून.

रामबागचा_पेंटर
नव्हता केला. भाचा म्हणतो चार वर्षं वापरला, पुसायचा तेवढं फक्त टॉवेलनं.

आणि आमच्याकडे पोरगा पॅनल डिग्रीझ न करता पेपर लावायला गेला, तर मी पेपर हिसकावून घेतो. म्हणजे मग मी तेलच घासत बसलो होतो म्हणायचं. थिनरनं पुसू का?

लीगवाला_पुणे
थिनर अजिबात नको! थिनरनं बॉलचा पृष्ठभागच मऊ पडतो. १९७३ मध्ये अमेरिकेत डॉन मॅक्यून नावाचा व्यावसायिक बोलिंगपटू प्लास्टिकचे बॉल मिथाइल इथाइल कीटोन या थिनरसारख्या द्रावकात बुडवून मऊ करायचा आणि त्या वर्षीचा प्लेअर ऑफ द इयर ठरला. पुढे बॉलच्या कडकपणाची किमान मर्यादाच आली. तेव्हा तो रस्ता बंद.

भोकांवर टेप लावा. हात घालवेल इतक्याच गरम पाण्यात भांड्यांचा साबण टाकून वीस मिनिटं ठेवा, पुसा, पाणी बदलून पुन्हा. उकळतं पाणी नको, तडकेल. मग फोमचे गोल पॅड घ्या, ताठ पेपर नको, गोलाईवर तो चट्टे पाडतो. ५००, १०००, २००० (नंबर वाढेल तसा पॅड बारीक), सगळं ओलं, आणि सहा बाजू धरून प्रत्येक बाजूला सारखा वेळ. ३२० चे ओरखडे ५०० नं पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. स्पर्धेत उतरायचं झालं तर अख्ख्या बॉलचा पृष्ठभाग एकसारखा लागतो आणि गेम सुरू झाल्यावर घासता येत नाही.

पलासियाची_ताई
इंदूरचीच आहे म्हणून सांगते. तुम्ही कुठल्या सेंटरवर जाता माहीत नाही, पण माझ्या सेंटरवर सकाळी तेल असतं. शनिवार-रविवारी वाढदिवसांच्या पार्ट्या झाल्या की संध्याकाळी नावालाही उरत नाही. मंगळवारी सकाळी २००० ठीक आहे, रविवारी तोच बॉल डावीकडच्या गटारात, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हळीत जाईल. बॉल परत आला की हात लावण्याआधी त्यावरची तेलाची वलयं बघत चला. ठळक असली तर लेनवर अजून तेल आहे.

रामबागचा_पेंटर
दोन आठवड्यांनी लिहितोय. बादलीत तीनदा ठेवला. पहिल्या वेळी पाण्यावर वडा तळून झाल्यासारखा तवंग, तिसऱ्यांदा जवळजवळ साफ. पॅड भाच्यानं पाठवले, पापक्षालन म्हणून. ५०० लाच चाळीस मिनिटं गेली, कारण अंगठ्याच्या भोकाजवळ मी ३२० नं जरा जास्तच जोर लावला होता. टॉर्च तिरकी धरून बघितलं तेव्हा ते दिसलं. मग १०००, २०००, आणि तिथेच थांबलो.

परवा पहिल्या गेममध्ये १३६. दहा नंबरची एकदाच राहिली, तीही मीच हात ओढला म्हणून. बॉल आता जिथे लाकूड कोरडं दिसतं तिथे वळतो, वलयं चार-पाच, एकमेकांपासून सुटी.

आणि ताई, तुमचं ऐकून रविवारी संध्याकाळी मुद्दाम गेलो होतो. दोन बॉल डावीकडच्या गटारात. तिसरा टाकलाच नाही, सेंटरचा प्लास्टिकचा उचलला.