शाळेत एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांचा गट सुरू करताना शिक्षकांनी काय सांभाळावे?

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत भाषा विषय शिकवते. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी अलीकडे माझ्याकडे आले आणि समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलामुलींसाठी, तसेच त्यांच्या मित्रमैत्रिणींसाठी, शाळेत एक गट सुरू करता येईल का, असे त्यांनी विचारले. मुख्याध्यापिकांचा विरोध नाही. मात्र पालकसभेत गदारोळ होईल अशी त्यांना धास्ती वाटते, म्हणून त्यांनी माझ्याकडे आधी लेखी आराखडा मागितला आहे.

गटाची गरज मला रोज दिसते. हजेरी घेताना एका मुलाने "हजर, बाई" म्हटले की मागच्या बाकांवरून कोणीतरी आवाज बारीक करून, त्याच्याच सुरात "हजर, बाई" म्हणते आणि निम्मा वर्ग खिदळतो. त्या मुलाने आता तोंडाने उत्तर देणेच सोडले आहे. तो फक्त हात वर करतो. मधल्या सुट्टीत तो स्वच्छतागृहात जाणे टाळतो, हे मला त्याच्या मैत्रिणीकडून कळले. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्याला नावाने कोणी हाकच मारत नाही, सरळ 'बायल्या' म्हणतात.

सदस्य कोणाला करून घ्यावे, गुप्तता कशी राखावी, पालकांना काय आणि किती सांगावे, आणि गट सुरू झाल्यामुळे ही मुले अधिकच नजरेत येऊन त्यांचा छळ वाढणार तर नाही ना, या प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (शालेय समुपदेशक)

मुले आपण होऊन तुमच्याकडे आली, याचा अर्थ त्यांनी तुम्हाला बराच काळ पारखले आहे. त्यामुळे आराखडा लिहिताना त्यांना बरोबर घ्या. गटाचे नाव, बैठकीची वेळ आणि चर्चेचे विषय त्यांनी ठरवावेत. तुम्ही फक्त जागा, वेळ आणि संरक्षण द्यावे.

सदस्यत्वाबाबत माझे मत ठाम आहे. गट सर्वांसाठी खुला ठेवावा आणि येणाऱ्या कोणालाही "तू स्वतः समलिंगी आहेस का?" असे विचारू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कॉर्ड अकॅडमी या शाळेत 1988 मध्ये इतिहासाचे शिक्षक केविन जेनिंग्ज यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. ती स्वतः समलिंगी नव्हती. तिची आई समलिंगी होती आणि शाळेत चालणारी शेरेबाजी तिला सहन होत नव्हती. त्या दोघांच्या बोलण्यातून 'गे-स्ट्रेट अलायन्स' (समलिंगी आणि समलिंगी नसलेल्या विद्यार्थ्यांची एकत्र आघाडी) हा गट उभा राहिला आणि पुढे त्या देशातील हजारो शाळांनी तीच रचना स्वीकारली. तिचा व्यावहारिक फायदा असा, की बैठकीला कोण आले यावरून कोणाविषयी काहीच सिद्ध होत नाही. ज्याला अजून काही सांगायचे नाही, किंवा ज्याचे स्वतःचेच अजून ठरलेले नाही, तो मित्रासोबत येऊन कोपऱ्यात शांत बसू शकतो, आणि कोणी विचारलेच तर मित्रासाठी आलो एवढे उत्तर पुरते.

गुप्ततेसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. बैठकीची हजेरी लिहू नका, छायाचित्रे काढू नका, आणि गटाचा अहवाल शाळेला द्यावा लागला तर त्यात विषय लिहा, नावे नकोत. मात्र संपूर्ण गुप्ततेचे वचन कधीही देऊ नका. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा घरी मारहाण होत असेल, तर ते समुपदेशकापर्यंत पोहोचवावेच लागेल, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. नंतर सांगितले तर मुलांना तो विश्वासघात वाटतो. या मुद्द्यावर मी जरा अधिक रेंगाळतो, कारण अशा गटांत मुले नकळत एकमेकांची समुपदेशक होऊन बसतात. सोळा वर्षांच्या मुलीला मध्यरात्री मैत्रिणीचा "मला जगायचे नाही" असा निरोप येतो आणि ती तो कोणाला न सांगता सकाळपर्यंत जागी राहते. हा भार तिने एकटीने पेलायचा नाही, तो ताबडतोब मोठ्या माणसाकडे सोपवायचा, आणि असे करणे म्हणजे चुगली नव्हे, हे मुलांना वारंवार सांगावे लागते.

छळ वाढेल का, या भीतीविषयी. अमेरिका आणि कॅनडातील अनेक अभ्यासांत असे गट असलेल्या शाळांमधील विद्यार्थ्यांनी कमी छळ आणि अधिक सुरक्षितता नोंदवली आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर, गट काही वर्षे टिकून असलेल्या शाळांमध्ये, समलिंगी नसलेल्या मुलग्यांतही आत्महत्येचे विचार कमी आढळले. गटाला परवानगी देणारी शाळा मुळातच थोडी समंजस असू शकते, म्हणून सारे श्रेय गटाला देणे योग्य होणार नाही. पण गटामुळे छळ वाढतो, असे चित्र या अभ्यासांतून दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे मात्र वेगळेच आहे. गट हा आधार आहे. छळ थांबवण्याचे काम गटाचे नाही, शाळेचे आहे. "आता तुमचा गट आहे ना, तिथे बोला" असे सांगून तक्रारी तिकडे वळवल्या जाऊ लागल्या, तर ज्यांना त्रास होतो त्यांच्याच खांद्यावर तो निस्तरण्याचे ओझे पडते. हजेरीच्या वेळची नक्कल त्याच क्षणी, सर्वांसमोर, एका वाक्यात थांबवा: "या वर्गात कोणाच्याही आवाजाची नक्कल करायची नाही." नक्कल करणाऱ्याशी नंतर स्वतंत्रपणे बोला. ज्याची नक्कल झाली त्याच्याकडे त्या वेळी वळूनही पाहू नका, म्हणजे सगळ्या वर्गाच्या नजरा पुन्हा त्याच्यावर खिळणार नाहीत.

उत्तर (शिक्षणविषयक कायद्यांचा अभ्यासक)

वरील शेवटच्या मुद्द्याला न्यायालयीन इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जेमी नबोझ्नी या समलिंगी विद्यार्थ्याला अनेक वर्षे मारहाण आणि अपमान सहन करावा लागला. त्याने आणि त्याच्या पालकांनी शाळेकडे पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या, तरी अधिकाऱ्यांनी त्या मनावर घेतल्या नाहीत. 1996 मध्ये संघीय अपील न्यायालयाने असे ठरवले, की इतर विद्यार्थ्यांना जे संरक्षण मिळते ते समलिंगी विद्यार्थ्याला नाकारल्याबद्दल शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरता येते. पुढे प्रकरण मिटवताना शाळा-प्रशासनाला 9 लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. मुख्याध्यापिकांची धास्ती गदारोळाची आहे. तक्रार माहीत असून गप्प बसण्याचे परिणामही त्यांच्यासमोर ठेवावेत.

आणखी एक सूचना. गटासाठी खास नियम मागू नका. शाळेत नाट्य, विज्ञान किंवा निसर्ग मंडळाला जे नियम लागू आहेत तेच मागा. अमेरिकेतीलच सॉल्ट लेक सिटी या शहरात 1996 साली एका शाळेतील असा गट रोखण्यासाठी शिक्षण मंडळाने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेली सर्वच विद्यार्थी मंडळे बंद केली, आणि 2000 मध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. गट बंद पाडायचा तर बाकीची मंडळेही बंद पाडावी लागतील, अशी स्थिती असली की निर्णय घेणारे फार विचार करतात.

उत्तर (एक पालक)

माझा मुलगा नववीत आहे. कोणत्याही मुलाला चिडवू नये, याबद्दल दुमत नाही. परंतु माझ्या मनात दोन शंका आहेत आणि त्या मी प्रामाणिकपणे मांडतो. या वयात मुले गोंधळलेली असतात. अशा गटामुळे ती नको त्या दिशेला वळणार नाहीत ना? दुसरे असे, की माझे मूल शाळेत कोणत्या बैठकीला बसते हे मला कळू नये, हे मला पटत नाही. छळ थांबवायचाच असेल तर "कोणालाही त्रास देऊ नये" असा सर्वसाधारण नियम पुरेसा नाही का?

उत्तर (शालेय समुपदेशक)

आपण शंका मोकळेपणाने मांडल्यात, म्हणून उत्तरही तसेच देतो. बैठकीला बसल्याने कोणाचा लैंगिक कल बदलत नाही, आणि बदलण्यासारखा तो आजारही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आपल्या आजारांच्या यादीतून काढून टाकली. गोंधळलेल्या मुलाला घाई न करता विचार करू देणारी जागा मिळाली तर त्याचे भलेच होते.

सर्वसाधारण नियम हवाच, पण तो पुरत नाही. ब्रिटनमध्ये 1988 साली 'सेक्शन 28' हे कलम आले. समलैंगिकतेचा 'प्रचार' करण्यास त्याने स्थानिक प्रशासनांना मनाई केली होती. शिक्षकांना ते थेट लागूही नव्हते. तरीही आपण अडचणीत येऊ या भीतीने कित्येक शिक्षक या कारणावरून होणाऱ्या छळाबद्दल बोलायचेच थांबले. स्कॉटलंडमध्ये 2000 पर्यंत आणि इंग्लंड व वेल्समध्ये 2003 पर्यंत ते टिकले. मारामारी किंवा चोरीबद्दल शिक्षक बेधडक बोलतात. या विषयावर मात्र नियमात स्पष्ट शब्द नसले तर त्यांची जीभ अडखळते. म्हणून शाळेच्या नियमात लैंगिक कल आणि लिंगभाव यांचा उल्लेख नावानिशी असावा.

आपल्या दुसऱ्या शंकेतील काळजी मला समजते. गट आहे, तो कधी भरतो, जबाबदार शिक्षक कोण आणि तिथे काय चालते, हे सर्व पालकांना जरूर कळावे. कोणते मूल येते, हे सांगण्याचा हक्क मात्र त्या मुलाचा आहे, कारण काही घरांत ती बातमी पोहोचणे म्हणजे मार, शिक्षण तुटणे किंवा घराबाहेर काढले जाणे असते, आणि असे घर कोणते हे शाळेला आधी ओळखता येत नाही.

उत्तर (माजी विद्यार्थिनी)

मी शाळेत असताना अशाच एका गटात होते. बाहेरच्यांना वाटते की तिथे सतत गंभीर चर्चा चालते. प्रत्यक्षात आम्ही बहुतेक वेळा परीक्षेविषयी बोलत होतो, आणि तेच आम्हाला हवे होते, कारण बाकी दिवसभर प्रत्येक शब्द तोलून बोलावा लागे. जबाबदार बाई कोपऱ्यात वह्या तपासत बसायच्या आणि आम्ही विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. आमची सूचना फलकावरून फाडली गेली, तेव्हा त्यांनी आम्हाला दुसरी लिहायला न सांगता स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. शिक्षकांनी आपले नाव पुढे करावे आणि आमचे मागे ठेवावे, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मुख्याध्यापिकांना द्यायच्या आराखड्यात मी गट आणि तक्रार-निवारण हे दोन स्वतंत्र भाग करत आहे. गटाच्या भागात खुले सदस्यत्व, नावांची नोंद न ठेवणे आणि गुप्ततेच्या मर्यादा असतील. तक्रारीच्या भागात प्रत्येक तक्रारीची लेखी नोंद, ती हाताळणाऱ्या व्यक्तीचे पद आणि उत्तर देण्याची मुदत असेल. मोबाइलवरील ग्रुपमध्ये वर्गमित्रांनी केलेला छळही त्यात येईल. पालकांसाठी गटाची माहिती देणारे एक पानी पत्रक मुख्याध्यापिकांच्या सहीने जावे, अशी विनंती करणार आहे. हे सारे माझ्या एकटीवर अवलंबून राहू नये, म्हणून पर्यवेक्षकांपैकी एकांना सह-जबाबदारी घेण्याविषयी विचारले आहे, आणि गट सुरू होण्यापूर्वी सर्व शिक्षकांची एक बैठक मागितली आहे, कारण नक्कल ऐकून न ऐकल्यासारखे करणारे शिक्षकही त्या बैठकीत असणे गरजेचे आहे.