घर घेताना आजूबाजूचं नक्की काय बघायचं? जुनं उपनगर की बाहेरचं नवीन कॉम्प्लेक्स

तिसरामजला:
मंडळी, गेले आठ महिने घर शोधतोय, आता दोनच पर्याय उरलेत आणि घरात रोज वाद. एक फ्लॅट शहराला लागूनच्या जुन्या उपनगरात, इमारत पंचवीसेक वर्षांची, लिफ्ट अशी की दोघं आत शिरले की तिसऱ्याने मुकाट्याने जिना धरायचा. दुसरा शहराबाहेर नव्या कॉम्प्लेक्समधे, एक खोली जास्त, जिम, स्विमिंग पूल, क्लबहाऊस, सगळं चकाचक. पैसे जवळपास तेवढेच. जुन्या फ्लॅटचा एजंट म्हणतो "लोकेशनचे पैसे आहेत साहेब" आणि हातात कागद दिलाय, स्टेशन ४०० मीटर, बाग ३०० मीटर, शाळा दवाखाना वाचनालय सगळं "पाच मिनिटांत". तर या सोयींपैकी नेमकं कशासाठी लोक खरंच जास्त पैसे मोजतात आणि राहायला गेल्यावर त्यातलं वापरलं काय जातं? आणि हे तपासायचं कसं, कारण रविवारी सकाळी गेलं की सगळंच छान वाटतं. घरात आम्ही दोघं, मुलगी सात वर्षांची, आणि आई, तिचे गुडघे दुखतात. बायकोचं मत जुन्या उपनगराला, मी अजून पूलमधे अडकलोय (मला पोहता येत नाही हे तिने एव्हाना सगळ्यांना सांगून झालंय).

पायपीट:
दादा, आईंना घेऊन जा आणि चालवून बघा, बाकी सगळं नंतर.

ते ४०० मीटर म्हणजे पाच मिनिटं हे गणित जुनं आहे, १९२९ साली न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरीने वस्तीची कल्पना मांडली तेव्हापासूनचं, मधोमध शाळा आणि घरं पाव मैलाच्या आत, पाव मैल म्हणजे साधारण ४०० मीटर. धडधाकट माणूस तेवढं पाच मिनिटांत जातोच. पण गुडघे दुखणारं माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतं असं धरलं तर तेच अंतर आठ मिनिटांच्या वर जातं, आणि हे कुठेही न थांबता. मधे सिग्नल असेल, फूटपाथवर उभ्या गाड्या असतील, तर धरून चाला पंधरा.

आम्ही फसलो ते अंतराच्याच बाबतीत. कागदावर स्टेशन ३५० मीटर होतं आणि खोटंही नव्हतं, खिडकीतून प्लॅटफॉर्म दिसायचा, अनाउन्समेंट ऐकू यायच्या. फक्त स्टेशनचं दार रुळांच्या पलीकडे. म्हणजे आधी पुलापर्यंत चालायचं, मग जिना चढायचा उतरायचा, मग परत मागे यायचं. बाळाची गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी अशी चढलो, खालून एक मुलगा आला आणि न विचारता पुढचं चाक उचललं, त्या दिवशी कळलं की आपण कावळ्याच्या अंतराचे पैसे भरलेत. नकाशावर पट्टी लावून अंतर मोजतात लोक, माणूस उडत नाही.

दुपारपाळी:
रविवारी सकाळी जाऊच नका. गुरुवारी रात्री अकराला जा आणि शाळा सुटायच्या वेळेला जा. दोन्ही वेळा गाडी लावायला जागा मिळते का बघा, इमारतीखाली उभं राहून फोनवर बोलून बघा समोरच्याला ऐकू येतं का. मी लेट शिफ्टवाली, माझ्यासाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे रात्री साडेअकराला स्टॉपपासून घरापर्यंत दोन दुकानं उघडी असणं. कोणी छापत नाही हे कागदावर.
आणि बागेचं गेट बघा, बाग नाही, गेट! आमच्याकडचं जवळचं गेट कायमचं बंद, कुलपाला गंज चढलाय, चालू गेट पार दुसऱ्या टोकाला.

नकाशेवाला:
एजंटच्या "लोकेशनचे पैसे" या वाक्यावर थोडं लिहितो, कारण तो खरं बोलतोय पण अर्धं.

घराची किंमत म्हणजे बऱ्याच गोष्टींची मोळी असते, खोल्या, इमारतीचं वय, स्टेशन, शाळा, बाग, शांतता. १९७४ मधे शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने ही मोळी सोडवून एकेका गोष्टीला बाजार किती किंमत देतो हे कसं बघायचं ते मांडलं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की स्टेशनचे, बागेचे पैसे तुम्ही घर घेता त्याच दिवशी भरून टाकता, मग वापरा नाहीतर वापरू नका. हे नवीन नाही, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क झालं तेव्हा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आजूबाजूच्या मालमत्तांचं मूल्य किती चढलं याचा हिशोबच ठेवला होता, बागेवरचा खर्च वाढलेल्या करातून निघतो हे दाखवायला. म्हणून तुमची यादी करताना "काय जवळ आहे" असं न विचारता "मागच्या मंगळवारी आपण कुठे कुठे गेलो" असं विचारा. ते सगळं नव्या घरापासून पायी होत असेल तर त्या पैशांना अर्थ आहे.

पूलचं म्हणाल तर तो इमारतीबरोबर म्हातारा होतो आणि त्याचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून, पोहा नाहीतर पोहू नका. रस्त्यावरची झाडं, बस, वाचनालय यांचा खर्च सगळ्या गावात वाटला जातो. विकायला काढाल तेव्हा पंधरा वर्षं जुन्या पूलचं कोणी कौतुक करत नाही, स्टेशन मात्र तिथेच असतं.

जवळ आणि चिकटून यात फरक करा पण. स्टेशन ४०० मीटरवर म्हणजे सोय, ४० मीटरवर म्हणजे झोपेचं खोबरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मधे रस्त्याच्या आवाजासाठी सुचवलेली मर्यादा दिवसरात्रीची मिळून सरासरी ५३ डेसिबल आणि फक्त रात्रीची ४५ आहे, मोबाईलवरचं ॲप अगदी बरोबर नसतं पण बेडरूमची खिडकी उघडी ठेवून अंदाज येतो. शाळेचंही तेच, समोरच शाळा असेल तर सकाळी तुमची गाडी गेटबाहेर निघत नाही.

बस असेल तर स्टॉप किती लांब यापेक्षा बस किती वेळाने हे बघा. वेळापत्रक न बघता गेलात तर सरासरी निम्मा वेळ थांबावं लागतं, दहा मिनिटांनी बस असेल तर पाच, अर्ध्या तासाने असेल तर पंधरा. दारासमोरचा अर्ध्या तासाचा स्टॉप काय कामाचा, त्यापेक्षा सहा मिनिटं चालून दहा मिनिटांवाला बरा.

आणि हल्ली बाहेरच्या प्रोजेक्टांच्या जाहिरातीत पण "सगळं पंधरा मिनिटांत" असतं. कार्लोस मोरेनोने २०१६ च्या सुमारास पंधरा मिनिटांच्या शहराची कल्पना मांडली ती पायी नाहीतर सायकलने. जाहिरातवाले गाडीने मोजतात, तेही रस्ता रिकामा धरून.

गच्चीवरचा:
सगळे जुन्या उपनगराच्या आरत्या ओवाळतायत म्हणून मुद्दाम लिहितो. आम्ही बाहेरचं घेतलं, पस्तावलो नाही. पोरं संध्याकाळी खाली पळतात, एकही रस्ता ओलांडावा लागत नाही, मी वरून बघतो. जुन्या इमारतीतले पाईप, गळती, लिफ्ट बंद, पार्किंगवरून भांडणं हे कोणी सांगत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला बागेपेक्षा चालू लिफ्ट जास्त लागते.

पायपीट:
@गच्चीवरचा लिफ्टचं शंभर टक्के मान्य. पोरांचं अर्धं. सात वर्षांची आहे तोवर खाली खेळेल, बारा तेरा झाली की तिला क्लासला, मैत्रिणीकडे जायचं असतं आणि बाहेर राहणाऱ्यांना मग फुकटचा ड्रायव्हर व्हावं लागतं. माझा भाऊ चार वर्षं तेच करतोय, गाडीत बसून वाट बघत त्याने अख्खी भाषा शिकली एक.

नकाशेवाला:
अजून एक, खिडकीत उभं राहून झाडं मोजा. कोनाइनेनडाइक नावाच्या अभ्यासकाने २०२१ मधे ३-३०-३०० असा सोपा नियम सुचवला, घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीत ३० टक्के झाडांची सावली असावी, बाग ३०० मीटरच्या आत असावी. मधला आकडा आपल्याला घरबसल्या मोजता येत नाही पण दुपारी दोनला चालून बघा, सावलीतून जाता येतं की नाही ते पायांना कळतं.

तिसरामजला:
सगळ्यांचे आभार, काल आईला घेऊन गेलो, शाळा सुटायच्या वेळेला. स्टेशनपर्यंत अकरा मिनिटं लागली, त्यातली दोन सिग्नलवर, आणि अर्ध्यावर औषधाच्या दुकानाबाहेर एक बुटका कठडा आहे त्यावर ती न सांगता बसली, शेजारी आधीच दोन बायका बसलेल्या, तिघींचं गुडघ्यांवरून जे सुरू झालं ते मलाच "चल आता" म्हणावं लागलं. बागेचं गेट उघडं होतं. वाचनालय बंद, पाटीवर वेळ आहे पण ती पुसट झालीय, आठवड्यातून किती दिवस उघडतं ते समोरच्या दुकानदारालाही नक्की माहीत नाही, म्हणजे ते यादीतून गेलं. खिडकीतून झाडं अडीच दिसतात, अर्धं शेजारच्या इमारतीच्या आडून. रात्रीचं बघायचं राहिलंय, गुरुवारी जातो.
बाहेरच्या कॉम्प्लेक्समधे पण आईला नेलं, न्यायला हवं म्हणून. लॉबीत सोफा आहे तिथे बसली, म्हणाली छान आहे, इथे कोण बसतं? वॉचमन म्हणाला कोणी नाही.
आता घोडं अडलंय लिफ्टवर. गच्चीवरच्यांचं बोलणं डोक्यात बसलंय, पुढे कधी व्हीलचेअर लागली तर जाईल का आत? टेप घेऊन जातोय.

गच्चीवरचा:
नुसती आतली जागा मोजू नका, दार पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी किती मिळते ते मोजा, ८० सेंटीमीटर तरी हवी. आणि सोसायटीला विचारा गेल्या वर्षभरात लिफ्ट किती दिवस बंद होती, वॉचमनला विचारलं तर खरं सांगेल.