एमजीबी जीटी घ्यायचीय (इंग्लंडमध्ये): काय बघू, काय टाळू?

मिडलंड्सवाली:
नमस्कार मंडळी, मी डर्बीला राहते, नऊ वर्षं झाली इथे. बरेच दिवस मनात घोळत होतं ते आता करायचंच ठरवलंय, एक जुनी ब्रिटिश कूपे घ्यायची. किती जाहिराती बघितल्या तरी नजर फिरून फिरून एमजीबी जीटीवरच येते. ती मागे उतरत जाणारी काच, वरपर्यंत उघडणारं मागचं दार, मला ती गाडी खरंच फार देखणी वाटते. बजेट साधारण ९ हजार पौंड. घराला गॅरेज आहे पण अरुंद. रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, ही फक्त रविवारी पीक डिस्ट्रिक्टला वगैरे न्यायची.

अजून एक कारण म्हणजे बाबा मे महिन्यात सहा महिन्यांसाठी नाशिकहून येतायत, वय ७१. त्यांनी २२ वर्षं अँबेसिडर चालवली आणि दर रविवारी बॉनेट उघडून स्वतः काहीतरी करत असायचे, मी शेजारी टॉर्च धरून उभी. आता त्यांच्याबरोबर मला हातात पाना घ्यायचाय. तर सांगा, क्रोमच्या बंपरवाली घेऊ की काळ्या रबरी बंपरवाली? बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू? टॅक्सचं काय? आणि ट्रायम्फ जीटी६ (तशीच दुसरी जुनी ब्रिटिश कूपे) चा विचार करावा का?

तेलकट_हात:
ताई, आधी अभिनंदन. माझ्याकडे १९६९ ची जीटी आहे, कोव्हेंट्रीला असतो, १४ वर्षं झाली तिला. इंजिनाची काळजी सोडा, पत्रा बघा. १७९८ सीसीचं इंजिन साधं आणि दणकट, त्यात बिघडलेलं सगळं दुरुस्त होतं आणि आवाक्यात होतं, पण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. आणि तिचा सगळा जोर दाराखालच्या सिलवर असतो. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे, बाहेरचा सिल, आतला पडदा आणि खालून कॅसल रेल, असा डबा आहे तो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी चिखलासकट पुढच्या विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मागे साठतं आणि डबा आतून खायला लागतं, बाहेरचा रंग मात्र चकचकीत.

माझी पहिली गाडी लाल होती, विकणारा म्हणाला सिल नवीन आहेत, मी खूश. सहा महिन्यांनी लिफ्टवर घेतली तेव्हा कळलं की कुजलेल्या सिलवरच वरून नवा पत्रा वेल्ड करून रंग मारलाय. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला, शेवटी पार्टसाठी विकली, दोन दिवस जेवण गेलं नाही. सिल नीट बदलायचा तर पुढच्या आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापावाच लागतो, म्हणून जो कोणी ‘सिल नवीन’ म्हणेल त्याच्याकडे त्या कापाकापीचे फोटो मागा. खरं काम केलेला माणूस अभिमानाने दाखवतो.

परीक्षा सोपी आहे. मालकाची परवानगी घेऊन गाडी तिच्या जॅकच्या जागेवर उचलायची आणि दार उघडून लावून बघायचं. दार अडकलं किंवा वरची फट कमी-जास्त झाली तर बॉडी वाकतेय, तिथूनच नमस्कार करून निघायचं. छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या, जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलीय. मग सीटच्या मागे झाकण उघडून बॅटरीचे खण बघा (१९७४ पर्यंतच्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, तिथे ओल साठते), कार्पेट उचलून फ्लोअर बघा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरल्यात ती जागा बघा, आणि मागच्या दाराची खालची कड.

गाडी गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा चालताना ५० च्या वर असला की निर्धास्त. तारेची चाकं असतील तर पुढे-मागे घेताना ‘टक’ असा आवाज येतो का ऐका, आला तर स्प्लाइन (चाक ज्यावर बसतं ते दाते) झिजलेत. आणि किल्ली फिरवल्यावर मागून टिक टिक टिक ऐकू येईल, घाबरू नका, तो एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. थोड्या वेळात थांबला पाहिजे. इंजिन बंद असून टिकटिक चालूच राहिली तर कुठेतरी गळतंय किंवा हवा घेतोय.

बर्मिंगहॅमकर:
वरचा प्रतिसाद प्रिंट काढून सोबत न्या. मी कागदपत्रांचं सांगतो. ४० वर्षांवरची गाडी हिस्टॉरिक वर्गात गेली की रोड टॅक्स शून्य. शेवटची एमजीबी ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे आता झाडून सगळ्या पात्र आहेत. पण हा वर्ग आपोआप मिळत नाही, एकदा अर्ज करावा लागतो आणि पैसे शून्य असले तरी दरवर्षी टॅक्स ‘भरावा’ लागतोच. हिस्टॉरिक वर्गातल्या गाडीला लंडनच्या यूलेझचा (धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा भाग) आणि आमच्या बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनचा चार्ज लागत नाही, त्यामुळे बाबांना शहर दाखवायला बिनधास्त घेऊन या.

मे २०१८ पासून अशा गाड्यांना, मोठे बदल केलेले नसतील तर, एमओटीही (दरवर्षीची गाडीची सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही. काही विक्रेते ‘एमओटीची गरजच नाही’ असं हसून सांगतात, तिथे माझे कान टवकारतात. सरकारी साइटवर नंबर टाकला की जुन्या एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. ‘सिलला गंज’ असा शेरा येऊन पुढच्या वर्षीपासून एमओटीच बंद झाली असेल तर समजून जा. मी स्वतः दरवर्षी स्वखुशीने करून घेतो, गाडीत मुलं बसतात, ब्रेक कोणीतरी तिसऱ्याने बघितलेले बरे.

इन्शुरन्स क्लासिकवाल्यांकडून ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चाच घ्या, म्हणजे उद्या काही झालं तर किमतीवरून वाद नको. मर्यादित मैल आणि क्लबचं सभासदत्व असेल तर बराच स्वस्त पडतो. पेट्रोल ई५ सुपर (कमी इथेनॉलचं) टाका, सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय आणि त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं.

अँबीप्रेमी:
पुण्याहून लिहितोय, माझ्याकडे एमजी नाही, पण राहवलं नाही. ताई, तुमच्या बाबांना हे इंजिन ओळखीचं निघणार! अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, आणि एमजीबीचं १७९८ हे त्याच घराण्यातलं थोरलं. पुशरॉड, रॉकर, टॅपेट सेट करायची पद्धत, सगळं तेच. एमजीबीला टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवतात, फीलर गेज बाबांच्या हातात द्या आणि बाजूला उभ्या राहा. फरक कार्ब्युरेटरचा, इथे दोन एसयू आहेत आणि ते दोन्ही एका सुरात आणावे लागतात, रबराची नळी कानाला लावून दोन्हीचा फुसफुस आवाज सारखा करायचा. त्यांना ते करताना बघायला मिळणार याचा मला हेवा वाटतोय.

तेलकट_हात:
वा, अँबीचं मस्त आठवण करून दिलीत. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या नळकांड्यात) तेल बघायला विसरू नका, ते आटलं की गाडी पिक-अपला अडखळते आणि लोक उगाच इग्निशन शोधत बसतात.

जीटी६ बद्दल: १९६६ ते ७३, दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, आवाज अप्रतिम, आणि पूर्ण बॉनेट पुढे उलटतं म्हणून काम करायला सोपी. खाली ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीची चासी आहे, तीच हेराल्ड जी मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवायची. पण आत जागा कमी, तुमचे बाबा ७१ चे आहेत, चढउतार त्रासाची होईल. १९६८ च्या आधीच्या मार्क वनचं मागचं सस्पेन्शन वळणात दगा देऊ शकतं. शिवाय पार्टच्या बाबतीत एमजीबीला तोड नाही, अख्खी नवी बॉडीशेलसुद्धा बनवून मिळते.

बंपर: रबरी बंपर १९७४ च्या शेवटाला आले, अमेरिकेच्या नियमांमुळे, आणि त्यासाठी गाडी दीड इंच उंच केली, म्हणून सुरुवातीच्या रबरीवाल्या वळणात जास्त कलतात. १९७७ मॉडेलपासून अँटी-रोल बारनी (गाडी कलू न देणारा दांडा) ते बरंच सुधारलं. दिसायला मला क्रोमच आवडते, पण कुजकी क्रोम आणि ठणठणीत रबरी यात मी डोळे मिटून रबरी घेईन. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जास्तीचा गियर) मात्र हवाच. त्याच्याशिवाय मोटरवेला ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत असतं, ओव्हरड्राइव्ह टाकला की ३२०० वर येतं आणि माणूस बोलू शकतो.

मिडलंड्सवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दोन गाड्या बघितल्या. पहिली १९६७ ची, पांढरी, तारेची चाकं, ‘पूर्ण रिस्टोर्ड’, फोटो मात्र एकही नाही. जॅकवर घेऊ का विचारलं तर आधी का-कू केलं, मग घेतली आणि ड्रायव्हरचं दार लागेचना. इतकी सुंदर होती हो, परत येताना रडू येत होतं. दुसरी १९७२ ची, हिरवी, क्रोम बंपर, साधी चाकं, ओव्हरड्राइव्ह आहे. रंग दोन ठिकाणी फिका, सीट फाटलीय, पण म्हाताऱ्या मालकाने जाडजूड फाइल काढली, त्यात विंग कापून सिल बदलल्याचे फोटो, आणि दार जॅकवर सुद्धा बोटाने ढकललं तर ‘खट्’ करून बसलं. गरम असताना ऑइल प्रेशर ५५. ७८०० मागतोय. चासी नंबर जीएचडी५ ने सुरू होतो, बरोबर ना?

तेलकट_हात:
बरोबर. डी म्हणजे जीटी, रोडस्टरला (उघड्या टपाच्या एमजीबीला) तिथे एन असतो, त्यामुळे ही जन्मापासून जीटीच. घ्या ती हिरवी! फाटकी सीट म्हणजे एका वीकेंडचं काम. सावकाश गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, कुठल्या तारखेला बनली, मूळ रंग काय, सगळं येतं त्यात. फक्त क्लच कधी बदललाय ते फाइलमध्ये शोधा, या गाडीचा क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं.

मिडलंड्सवाली:
क्लच २०१९ ला बदललाय, पावती आहे. अ‍ॅडव्हान्स दिला!! बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली, ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसतं बॉनेटच्या आत बघत होते, मग विचारलं की पाने कुठल्या मापाचे लागतात, माझ्याकडचे आणू का.

तेलकट_हात:
आणायला सांगाच. मिलिमीटरचे इथे चालणार नाहीत, इंची हवेत: साडेतीन सूत, चार सूत आणि साडेचार सूत, म्हणजे ७/१६, १/२ आणि ९/१६, यांवर बहुतेक काम होतं. चेक-इनच्या बॅगेत टाका म्हणावं, हातातल्या बॅगेत नको. ग्रीस गन इथेच घेऊन ठेवा, कारण आल्या आल्या पहिलं काम किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खांब) ग्रीस मारायचं, दोन्ही बाजूंना तीन-तीन निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत, चाक जॅकवर उचलून मारा म्हणजे ग्रीस नीट आत जातं, आणि पुढे दर ३००० मैलांना.