कँटरमध्ये घोडीच्या नाकातून येणारा आवाज

प्रश्न (नवा स्वार): मी पुण्यात घोडेस्वारी शिकत आहे. मला दिलेली घोडी दुडक्या चालीत शांत असते. कँटर (दुडकीपेक्षा वेगवान, पण भरधाव दौडीहून संथ चाल) सुरू झाला की मात्र प्रत्येक झेपेला तिच्या नाकातून ‘फर्र, फर्र’ असा आवाज येतो आणि वेग उतरला की थांबतो. ती दमलेली दिसत नाही. हा दोष समजावा काय?

प्रतिसाद (तबेलेकर): आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे आधी ठरवावे. कँटर व भरधाव दौडीत घोड्याचा श्वास पावलांशी जोडलेला असतो, म्हणजे एका झेपेला एकच श्वास. पुढचे पाय लांब फेकले जात असताना हवा आत येते आणि त्या पायांवर भार पडताच बाहेर टाकली जाते. विश्रांतीत मिनिटाला 10 ते 14 वेळा श्वास घेणारे जनावर भरधाव असताना 120 च्या वर जाते ते यामुळेच. दुडकीत ही जोडणी इतकी पक्की नसते. आवाज श्वास सोडताना येत असेल, तर बहुधा नाकपुडीच्या आतली सैल घडी थरथरत असते. ते निरुपद्रवी आहे. काही उमद्या घोड्यांची ती खोडच असते.

नवा स्वार: खोगिरावर बसून हे ओळखायचे कसे?

तबेलेकर: बसून कठीणच. तिला लांब दोरीवर गोल फिरवायला सांगा आणि आपण बाजूला उभे राहा. थंडीतल्या सकाळी नाकातून वाफ निघते. वाफ आणि आवाज एकाच क्षणी आले, तर तो उच्छ्वासाचा आवाज होय.

प्रतिसाद (अश्ववैद्यक): वरील उत्तर योग्य आहे, पण उच्छ्वासाचा प्रत्येक आवाज निरुपद्रवी नसतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. दौडताना मऊ टाळू जागेवरून सरकून स्वरयंत्रावरील झाकणाच्या वर आला, तर उच्छ्वासात गुळण्या केल्यासारखी घरघर होते आणि घोडा एकाएकी मंदावतो. गिळल्यावर टाळू पुन्हा जागेवर बसतो. श्वास घेताना शीळ किंवा करवतीसारखा आवाज येत असेल, तर स्वरयंत्राच्या डाव्या बाजूचा संशय घ्यावा, कारण तिकडची चेतातंतू छातीत उतरून महाधमनीला वळसा घालत परत वर येते आणि या लांबलचक वाटेवर क्षीण होते. उंच घोड्यांत हे अधिक आढळते, तट्टांत क्वचित. निदान नाकातून दुर्बीण घालूनच करावे. विश्रांतीतील तपासणीत काही न आढळल्यास दौडतानाही ती करता येते.

लगाम ताणून मान फार वाकवल्यानेही घसा अरुंद होऊन आवाज येतो, हे नवशिक्या स्वारांच्या बाबतीत नेहमी पाहावे लागते. म्हणून आधी लगाम सैल सोडून कँटर करून पाहा, आणि तरीही श्वास घेताना आवाज आला, किंवा श्वास सोडताना घरघर होऊन घोडी एकाएकी मंदावली, तर पशुवैद्याला बोलवा.